तळमजल्यावरची शाळा

आमच्या मालकीणबाई माझ्याशी दोन भाषांत बोलायच्या. सकाळी मालवणीत, अगदी घरच्यासारख्या. "काय गो, चाय घेतलंस?" असं खिडकीतून ओरडून विचारायच्या. दुपारी बारा वाजले की त्याच बाई मला 'आपण' म्हणायच्या, 'पालक' म्हणायच्या, आणि मी जिन्यात दिसले तर ओळख नसल्यासारखी मान फिरवायच्या. पाच वाजता पितळी ताटलीवर पळी आपटल्याचा आवाज यायचा आणि मी पुन्हा 'गो' व्हायची. हे असं वर्षभर चाललं. ह्यांना त्याची फार गंमत वाटायची. मला नाही वाटायची. ज्या बाईकडे सकाळी वाटीभर साखर मागायची, तिच्याकडे दुपारी मुलीच्या फ्रॉकला रुमाल का नाही लावला म्हणून बोलणी खायची, यात गंमत कसली?

मुलुंड पूर्वेला त्यांची दुमजली इमारत होती. तळमजल्याला त्या एकट्या आणि वर आम्ही चार भाडेकरू. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचं मोठं घड्याळ त्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूला बांधायच्या, त्यामुळे वेळ बघताना नेहमी देवाकडे काहीतरी मागत असल्यासारख्या दिसायच्या. फाटकाशी एक लाकडी स्टूल ठेवलेलं. भाजीवाला असो, बोहारीण असो, आधी त्यावर बसायचं आणि मग भाव बोलायचा. उभ्याने सांगितलेला भाव पळायच्या तयारीतला असतो, असं त्यांचं म्हणणं. लग्नाआधी मालवणकडच्या कुठल्याशा गावात त्या शाळेत शिकवायच्या. थोडेच दिवस. सासरच्यांनी नोकरी सोडायला लावली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, आणि पुढे लगेच तांदळात खडे किती म्हणून वाण्याचा उद्धार केला.

आता आमच्या मिनूबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी कथा तिच्यामुळे घडली. मिनू घरात पोपटासारखी बोलायची. पण उंबऱ्याबाहेर पाय पडला की तोंडाला कुलूप. मामाशी नाही, शेजारणीशी नाही, कुणाशीच नाही. आम्ही म्हणायचो लाजाळू आहे, होईल नीट. मग तिला पहिलीत घातलं आणि आमची वाट लागली. तिथल्या बाईंना वाटलं पोरगी मुद्दाम करते. आधी ओरडल्या, मग बाकावर उभी करायला लागल्या. तरी ती बोलेना. मग मला बोलावणं आलं. मी गेले, तर सगळ्या वर्गासमोर बाई म्हणाल्या की ही मुलगी मंद आहे, हिच्यासाठी वेगळी शाळा बघा. मिनू तिथेच उभी होती. सगळं ऐकत होती. त्या रात्री तिला ताप भरला आणि शाळेचं नाव काढलं की उलटी व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, हिच्यात दोष काही नाही, वेळ द्या. हे शांत माणूस, कधी आवाज चढवणार नाहीत, पण ह्यांनी सरळ जाऊन नाव काढून आणलं. म्हणाले, वर्षभर घरी शिकवू, पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत दुसरीत घालू.

सोपं होतं बोलायला. आजकाल घरी शिकवतात म्हणे लोक, त्याला इंग्रजी नाव आहे, कौतुकही होतं. तेव्हा पोर शाळेत जात नाही म्हणजे एक तर घरात अन्नाला महाग किंवा पोरात काहीतरी खोट. आणि पुढच्या वर्षी तरी काय? तोंड उघडलं नाही तर कुठली शाळा घेणार होती तिला? मला रात्र रात्र झोप लागत नसे. एकच घोर, ही जन्मभर अशीच राहिली तर?

त्यात समोरच्या वहिनींनी विचारलं, मिनू हल्ली शाळेत दिसत नाही ती? माझ्या तोंडून निघून गेलं, शाळा बदलली, आता दुपारची आहे. झालं. खोट्याला पाय लागतात ते असे. दुपारची शाळा म्हटल्यावर युनिफॉर्म आला. मी निळा पिनाफोर शिवला, पांढरा शर्ट आणला, आणि रोज बारा वाजता तिला नटवून, पाठीला दप्तर अडकवून, समोरच्या वहिनींना दिसेल अशा बेताने बाहेर न्यायला लागले. नेणार कुठे? स्टेशनच्या रस्त्याला बाग होती, तिथे बाकावर बसायचं. मी तिच्याकडून बाराखडी घोटून घ्यायची, उन्हं उतरली की परत. माळी आमच्याकडे संशयाने बघायचा. मला वाटायचं, जमलं की झकास.

एका दुपारी बागेच्या बाकावर आमच्या शेजारी कोणीतरी येऊन बसलं. बघते तर मालकीणबाई, डोक्यावर काळी छत्री, नजर समोर. "खंयची शाळा गो ही, बागेत भरता ती?"

मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं. मिनू माझा पदर धरून जमिनीकडे बघत बसलेली. मला वाटलं आता ही बाई मला फाडून खाणार, कारण खोट्याचा त्यांना भयंकर तिटकारा. दूधवाल्याने एकदा म्हैस आजारी आहे म्हणून थाप मारली तर त्याच्या गोठ्यापर्यंत गेल्या होत्या म्हशीची विचारपूस करायला. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग घड्याळ बघितलं आणि उठल्या.

"खोटां बोललंस तां बोललंस. आता तां खरां करूक व्हया. उद्यापासून पोरीक बारा वाजता खाली धाड."

मला वाटलं शिकवणी घेतील तासभर. पण अर्धवट काम त्या बाईला ठाऊकच नव्हतं. शाळा म्हटलं होतं ना मी, मग शाळाच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाहेरच्या खोलीतली आरामखुर्ची माळ्यावर गेली होती. भिंतीला फळा, त्यावर सुविचार, खाली 'पट १, हजर ०' असं लिहिलेलं. शून्य का, तर आम्ही पाच मिनिटं उशिरा आलो होतो. एक जिना उतरायला उशीर कसा होतो, हे पालकांनी समजावून सांगावं, असं त्या मला दारातच म्हणाल्या. शुद्ध पुस्तकी मराठीत. मी खाली-वर बघत राहिले.

प्रार्थना व्हायची. मिनूचे ओठ हलायचे, आवाज नाही. मी दाराच्या फटीतून बघायची आणि जीव तुटायचा. एकदा मी मध्येच म्हटलं, "म्हण ना गं मोठ्याने." मालकीणबाईंनी प्रार्थना थांबवली, दाराशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "देवाला ऐकू जातं. आपली घाई आपण घरी ठेवून यावी." आणि दार लावून घेतलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझी मुलगी, आणि मलाच दाराबाहेर? पण खरं सांगते, त्यांनी तिला 'बोल' म्हणून कधी म्हटलं नाही. हजेरीला मिनू हात वर करायची, उत्तर पाटीवर लिहायची. कवितेला बाईच बाई आणि बाईच वर्ग. एक ओळ म्हणायच्या, मग समोर जाऊन बसायच्या आणि तीच ओळ पोरांसारखी ओढून ओढून म्हणायच्या.

मधल्या सुट्टीत डबा खायचा तो अंगणात. वर घर असताना डबा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, शाळेतली मुलं मधल्या सुट्टीत घरी पळत नसतात. माझ्या भाच्याची पार्ल्याला मुंज होती, तर मला रजेचा अर्ज करायला लावला आणि अर्धीच रजा मंजूर केली. पालकसभेला तर मी एकदा स्वयंपाकघरातून तशीच पीठ लागल्या हातांनी उतरले, तर त्यांनी परत पाठवलं. बरी साडी नेसून, केस विंचरून आले तेव्हा कुठे खुर्ची मिळाली. हे म्हणायचे, तुझी ना धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झालीय. खरंच होतं. सोडवत नव्हतं, कारण मिनू सकाळपासून घड्याळाकडे बघायला लागली होती. उलटी बंद झाली होती. दप्तर स्वतः भरत होती.

सहलही निघाली. कुठे, तर मिठागराला, चालत. एक शिक्षिका, एक विद्यार्थिनी, पुरी-भाजीचा डबा, पाण्याची बाटली. दोघी भर उन्हात रांगेने चालल्या होत्या, म्हणजे मिनू पुढे आणि त्या मागे, शिट्टी वाजवत. सगळा रस्ता थांबून बघत होता. पाणी आटतं नि मीठ मागे राहतं, ते त्यांना तिला प्रत्यक्ष दाखवायचं होतं. मिनू फ्रॉकच्या खिशात मिठाचे खडे भरून घेऊन आली आणि घरात आल्या आल्या मला तासभर सगळं सांगत बसली. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हेच खाली त्यांच्यासमोर एकदा बोल ना गं माझ्या बाळा.

ती बोलली ते दिवाळीच्या आधी, सहामाहीच्या निकालाला.

निकालाला दोन्ही पालकांना बोलावणं होतं, म्हणून ह्यांनी अर्धा दिवस सुट्टी काढली. मालकीणबाई इस्त्रीची साडी नेसून फळ्यापुढे उभ्या. कागद न बघता बोलल्या. इयत्ता पहिली. पटावर एक, परीक्षेस बसले एक, उत्तीर्ण एक. ह्यांनी हसू दाबलं. "कुमारी मीनल हिचा वर्गात दुसरा क्रमांक आला आहे."

ह्यांना राहवलं नाही. विचारलं, पहिला कोणाचा? बाई गंभीरपणे म्हणाल्या, यंदा पहिला क्रमांक कोणालाही देण्यात आलेला नाही, त्या योग्यतेचं कोणी आढळलं नाही.

आम्ही हसणार, एवढ्यात मिनूकडे लक्ष गेलं. कान लालबुंद, मुठी आवळलेल्या. आणि आवाज आला. घोगरा, पण ठणठणीत.

"मी एकटीच आहे."

मी ह्यांचा दंड धरला. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. जणू ही पोरगी त्यांच्याशी रोजच भांडत होती.

"मग?"

"मग मी पहिली."

"सातचा आकडा उलटा काढतेस."

"दोनदाच काढला. बाकीचे सुलटे काढले."

"आमच्या शाळेत सात उलटा काढणाऱ्याचा पहिला नंबर येत नाही. निकाल बदलणार नाही. वार्षिक परीक्षेला बघू."

मिनू पाय आपटत बाहेर गेली आणि अंगणात जाऊन मोठमोठ्याने रडली. मी तिच्यामागे धावले नाही. मीही रडतच होते. मालकीणबाईंनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती, ते मी पाहिलं. संध्याकाळी पाचनंतर मी खाली गेले, म्हटलं, मालकीणबाई, केवढी युक्ती केलीत तुम्ही. त्यांना खरोखर कळेना मी काय म्हणते ते. "युक्ती कसली? नाय गो. सातचो आकडो उलटोच काढता ती." अशी बाई! आता हसायचं की कपाळावर हात मारायचा?

तेव्हापासून तळमजल्यावर मिनूचं तोंड सुटलं. कविता, पाढे, भांडणं, सगळं. पण तेवढंच. तळमजल्याचा उंबरा ओलांडला की पुन्हा कुलूप. मालकीणबाई पहिल्यांदाच मला काळजीत दिसल्या. जून काही लांब नव्हता. चार भिंतींतली बडबड शाळेत काय उपयोगाची?

आणि मग त्यांनी मासळी सोडली. सोडली म्हणजे व्रत वगैरे नाही. आमच्याकडे मासळीची पाटी घेऊन एक कोळीण मावशी यायची. फाटकाशी स्टुलावर बसायची. मालकीणबाईंना मासळीशिवाय घास उतरायचा नाही. सोमवारी मुद्दाम लवकर झोपायच्या, मंगळवार लवकर यावा म्हणून. त्यांनी जाहीर केलं की यापुढे मासळीची खरेदी हा शाळेचा विषय आहे आणि तो विद्यार्थिनीने करायचा. पहिल्या दिवशी मावशीने विचारलं, काय देऊ? मिनूने बाईंचा पदर ओढून त्यांच्या कानात सांगितलं. बाई म्हणाल्या, मला सांगून काय उपयोग, मासे माझ्याकडे नाहीत. मिनू गप्प. मावशी थांबून थांबून उठून गेली. मालकीणबाईंनी डाळ-भात खाल्ला.

पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. मावशी चिडली, म्हणाली, बाय, तुमचं काय ते एकदा ठरवा, माझा माल उन्हात सुकतोय. मी वरून सुरमईचं कालवण करून नेऊन दिलं, तर झाकणही न उघडता परत पाठवलं. शाळेच्या कामात पालकांनी ढवळाढवळ करू नये. चेहरा उतरला होता बाईंचा. डाळ बघितली की डोळे मिटून घ्यायच्या. मिनू समोर बसून हे बघत होती. घरी येऊन मला विचारायची, आई, बाई मासे का नाही खात? मी म्हणायची, मला काय विचारतेस? तुला माहीत आहे.

एका सकाळी मावशी स्टुलावर टेकली न टेकली, तोच मिनू धावत खाली गेली. मी गॅलरीत. मालकीणबाई दारात. मिनू मावशीसमोर उभी राहिली, मान खाली, आणि एवढंच म्हणाली, "बांगडे. ताजे द्या."

मावशीच्या हातातला कोयता तसाच राहिला. मग तिने पाटीतले सगळ्यात मोठे बांगडे काढले. त्या दिवशी तळमजल्यावरून तिरफळाचा असा वास सुटला की समोरच्या वहिनीही विचारायला आल्या, कोणाचं बारसं आहे का?

वार्षिक परीक्षेत मिनूचा पहिला नंबर आला. सगळे सात सुलटे होते. मग आम्ही नव्या शाळेत गेलो, मोठ्या बाईंना भेटायला. मालकीणबाई आमच्यासोबत आल्या. 'आधीच्या शाळेतर्फे' आल्या होत्या, आणि त्यांच्याशी वाद घालणार कोण?

मोठ्या बाईंनी विचारलं, आधी कुठल्या शाळेत होती? मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, माझ्या. माझ्या घरी, तळमजल्याला, पट एक. मोठ्या बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट बघितलं. मग मिनूला नाव विचारलं. मिनू गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. ह्यांनी बोलायला तोंड उघडलं तर मालकीणबाईंनी असं बघितलं ह्यांच्याकडे की ते मिटलंच. बाहेर कोणीतरी मुलांना रांगेत उभं करत होतं. मोठ्या बाईंनी पेनला टोपण लावलं. संपलं, मी मनात म्हटलं, वर्ष फुकट गेलं.

"तुमच्या वर्गात मुली किती असतात?" मिनूने विचारलं.

मोठ्या बाई चमकल्या. म्हणाल्या, "साठ तरी असतात."

"सगळ्यांना बोलायला मिळतं?"

मोठ्या बाई हसल्याच. म्हणाल्या, "अगं, त्यांना गप्प बसवता बसवता आमचा घसा बसतो."

मिनूने जरा विचार केला. "माझं नाव मीनल," ती म्हणाली.

दुसरीत घेतलं, पण काही दिवस बघू, जमलं नाही तर वर्षभर मागे बसवावं लागेल, असं सांगून. म्हणजे टांगती तलवार होतीच. जून आला. शाळा सुरू झाली. तळमजल्यावरचा फळा उतरला, आरामखुर्ची माळ्यावरून खाली आली. मालकीणबाई दुपारी आता माझ्याशी मालवणीतच बोलायच्या आणि मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. मिनू शाळेतून यायची, खायची, खेळायची. शाळेत काय झालं विचारलं तर म्हणायची, काही नाही. मी घाबरून पुढे विचारत नसे. मालकीणबाई तर अजिबातच विचारत नसत. फक्त ती परत यायच्या वेळेला काही ना काही कारण काढून फाटकाशी उभ्या असायच्या.

पाऊस जरा ओसरला असेल नसेल, आणि शाळेतून मला बोलावणं आलं. वर्गाच्या बाईंना भेटून जा. मागच्या वर्षीचं बोलावणं आठवलं, तो वर्ग आठवला, सगळ्यांसमोर उभी असलेली माझी पोर आठवली. मी ह्यांनाही सांगितलं नाही. मालकीणबाईंना मात्र सांगितलं. त्यांनी फक्त माझ्या पदराला लागलेलं पीठ झटकलं.

वर्गाच्या बाई तरुण होत्या, वैतागलेल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या मुलीला घरी जरा समज द्या. वर्गात सारखी बोलते. शेजारणीला लिहू देत नाही, मागे वळून बोलते, मी फळ्याकडे वळले की बोलते. माझं डोकं उठवलंय तिने."

मी हो म्हटलं, देते म्हटलं. शाळेच्या फाटकाबाहेर आले आणि रस्त्यातच पदर तोंडाला लावला. लोक बघत होते, बघू देत. पेढे घेतले आणि जवळजवळ धावतच घरी आले.

मालकीणबाई दारातच होत्या. मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि सगळं सांगितलं. तक्रार आली, मालकीणबाई. फार बोलते म्हणतात. वर्गात गप्पच बसत नाही म्हणतात.

त्या पेढा तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. त्या माउलीच्या डोळ्यांत मी त्याआधी कधी पाणी पाहिलं नव्हतं.

"काय बोलता ती, इचारलंस?"

मी म्हटलं, नाही हो. ते विचारायचं सुचलंच नाही मला.

"इचारूक व्हया होतां गो," त्या म्हणाल्या. "माका आयकूचां होतां."